नैसर्गिक वायूपासून बनलेले इंजिन ऑइल: डब्यावरचा शब्द आणि डब्यातले रेणू

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ग्रेडचे आणि एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी३ मानकात बसणारे ऑइल सांगितले आहे. बाजारात ‘नैसर्गिक वायूपासून तयार केलेले, पूर्ण सिंथेटिक’ असे छापलेला डबा आपल्याला दिसला. तेव्हा वायूपासून ऑइल बनते तरी कसे, त्याला सिंथेटिक म्हणणे योग्य आहे का, पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) या कृत्रिम द्रवावर आधारित ऑइलपेक्षा ते सरस आहे का, ते घातल्यास ऑइल बदलण्याचे अंतर वाढवता येईल का, आणि जुन्या इंजिनात ते चालेल का, असे आपण विचारले आहे. इंजिन ऑइलची मिश्रणे ठरवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. उत्तराचा गाभा मात्र आधीच सांगून टाकतो: वायूपासूनचे बेस ऑइल खरोखर उत्तम असते, परंतु त्याचा पहिला लाभ मिश्रण ठरवणाऱ्याला होतो. गाडीच्या मालकापर्यंत तो किती पोहोचतो, हे मिश्रण ठरवणाऱ्याने त्या लाभाचे काय केले यावर अवलंबून असते.

इंजिन ऑइलचा साधारण ७५ ते ८५ टक्के भाग बेस ऑइलचा असतो आणि उरलेला भाग ॲडिटिव्हचा, म्हणजे गुण वाढवण्यासाठी मिसळलेल्या रसायनांचा. वायूपासून बनते ते हे बेस ऑइल. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन, आणि मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो; हलक्या बेस ऑइलच्या रेणूत तो पंचवीस-तीस किंवा त्याहून थोडा अधिक संख्येने असतो. मिथेनचे रेणू थेट एकमेकांना जोडता आले असते तर काम सोपे झाले असते, पण मिथेन फार हट्टी वायू आहे आणि तो तसा सहजासहजी जुळत नाही. म्हणून त्याला आधी मोडावे लागते. शुद्ध ऑक्सिजनच्या अपुऱ्या पुरवठ्यात, सुमारे १३०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वरच्या तापमानाला त्याचे अर्धवट ज्वलन करतात आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळवतात. हे मिश्रण २०० ते २४० अंशांच्या आसपास कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेले की कार्बनची साखळी, माळेत एकेक मणी ओवावा तशी, वाढत जाते. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ही अभिक्रिया १९२० च्या दशकात जर्मनीतील म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत विकसित केली. त्या वेळी कच्चा माल कोळसा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आणि १९५० च्या दशकापासून दक्षिण आफ्रिकेत सासोल या कंपनीने याच मार्गाने कोळशापासून इंधन बनवले. वायू हा कच्चा माल तुलनेने नवा आहे. अभिक्रिया शंभर वर्षांची आहे.

या साखळीचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण बेस ऑइलचा कारखाना त्याच गणितावर उभा असतो. प्रत्येक पायरीवर साखळीपुढे दोन वाटा असतात: आणखी एक कार्बन जोडून घेणे किंवा तिथेच थांबून उत्प्रेरकापासून सुटणे. वाढत राहण्याची शक्यता ८५ टक्के असेल, तर वीसपेक्षा अधिक कार्बनच्या साखळ्या वजनाने एकूण मालाच्या जेमतेम १५ टक्के निघतात. हीच शक्यता ९५ टक्क्यांवर नेली, तर त्यांचा वाटा ७० टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून उत्प्रेरक आणि तापमान असे निवडतात की साखळ्या मुद्दाम खूप लांब व्हाव्यात. परिणामी रिॲक्टरमधून, म्हणजे अभिक्रियेच्या पात्रातून, बाहेर पडते ते बव्हंशी पांढरेशुभ्र मेण असते, ऑइल नव्हे. ते पुढे हवे तसे तोडायचे, ही झाली योजना. आखूड साखळ्या जोडण्यापेक्षा लांब साखळ्या तोडणे केव्हाही सोपे.

या मार्गाची किंमतही मोठी असते. कार्बनचा एकेक दुवा साखळीला जोडला जाताना पाण्याचा एक रेणू तयार होतो. वजनाचा हिशोब केला तर १ किलो हायड्रोकार्बनमागे सुमारे १.३ किलो पाणी. म्हणजे ज्या कारखान्याला आपण तेलाचा म्हणतो, तो वजनाने पाहिल्यास पाण्याचाच कारखाना अधिक असतो. शिवाय ही अभिक्रिया भरपूर उष्णता बाहेर टाकते. ती तत्काळ काढून घेतली नाही, तर तापमान चढते, साखळ्या आखूड पडतात आणि मिथेनच परत तयार होऊ लागतो. कतारमधील रास लफान येथे शेल आणि कतारची राष्ट्रीय तेल कंपनी यांनी उभारलेल्या पर्ल प्रकल्पात म्हणूनच २४ रिॲक्टर आहेत आणि प्रत्येकात सुमारे २९,००० नळ्या. इतक्या नळ्या उष्णता वाहून नेण्याच्या सोयीसाठीच आहेत. या प्रकल्पातून पहिला माल २०११ मध्ये बाहेर पडला. त्याची क्षमता दिवसाला सुमारे १,४०,००० बॅरल वायुजन्य उत्पादनांची आहे आणि त्यातला बेस ऑइलचा वाटा सुमारे ३०,००० बॅरलचा. ऑक्सिजन पुरवण्यासाठी तिथे हवेचे घटक वेगळे करणारी आठ महाकाय संयंत्रे आहेत.

ऑक्सिजनचे हे अंग दुय्यम वाटते, पण तसे ते नाही. शेलचाच मलेशियातील बिंटुलू येथील प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. २५ डिसेंबर १९९७ रोजी तेथील हवा विभाजन संयंत्रात मोठा स्फोट झाला आणि प्रकल्प २००० पर्यंत बंद राहिला. त्या वर्षी जंगलांतील वणव्यांचा धूर त्या भागावर पसरला होता. त्या धुराचे ज्वलनशील कण द्रवरूप ऑक्सिजनच्या भागात साचले आणि त्यांनी पेट घेतला, असे तपासात निष्पन्न झाले. जगातले फार थोडे कारखाने हे बेस ऑइल बनवतात याचे एक कारण हेच आहे, की तेल शुद्धीकरणाच्या अनुभवापलीकडची बरीच अवघड तंत्रे एकाच आवारात सांभाळावी लागतात.

आता शुद्धतेविषयी. ‘नैसर्गिक वायू स्वच्छ, म्हणून ऑइल स्वच्छ’ असे डब्यांवर सुचवलेले असते. वस्तुस्थिती थोडी उलटी आहे. जमिनीतून येणाऱ्या वायूत गंधकाची संयुगे चांगलीच असू शकतात, परंतु कोबाल्टच्या उत्प्रेरकाला गंधक विषासारखे असते; अब्जांशाच्या हिशोबात मोजावे इतके कमी गंधकही त्याला हळूहळू निकामी करते. त्यामुळे वायू आधीच इतका धुऊन घ्यावा लागतो की पुढे तयार होणाऱ्या मेणात गंधक शिल्लकच राहत नाही. ऑइलची ही शुद्धता निसर्गाची देणगी नसून उत्प्रेरकाच्या नाजूकपणाचा परिणाम आहे. नायट्रोजनयुक्त आणि ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या कड्यांच्या) संयुगांचेही तेच: साखळी मुळातून बांधली जात असल्यामुळे त्यांना आत शिरायला जागाच मिळत नाही. कच्च्या तेलापासून बेस ऑइल बनवताना नको ते काढून टाकतात किंवा बदलून घेतात. इथे ते येतच नाही.

मेणापासून ऑइल बनवण्याचा टप्पा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कसबाचा आहे. तीस कार्बनचा सरळ साखळीचा रेणू सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे सकाळी गाडी सुरू करताना तो इंजिनात घट्ट बसलेला असेल. त्याला द्रवरूप ठेवायचे तर साखळीला मध्ये कुठेतरी छोट्या फांद्या फोडाव्या लागतात, म्हणजे रेणू एकमेकांशेजारी शिस्तीत बसून स्फटिक बनवू शकत नाहीत. हायड्रोजनच्या दाबाखाली दुसऱ्या प्रकारच्या उत्प्रेरकावर हे काम होते. पण प्रत्येक फांदीगणिक काहीतरी गमवावे लागते. सरळ साखळीच्या रेणूची स्निग्धता (घट्ट-पातळपणा) तापमानाबरोबर सर्वांत कमी बदलते. फांद्या वाढल्या की गोठणबिंदू खाली जातो खरा, पण स्निग्धता निर्देशांकही (तापमान बदलले तरी स्निग्धता किती टिकते याचे माप) घसरतो. किती फांद्या, साखळीच्या कोणत्या जागी आणि किती लांबीच्या, यावर बेस ऑइलचा सगळा दर्जा ठरतो.

पीएओशी तुलना इथूनच सुरू होते. पीएओचे सर्वांत वापरले जाणारे रूप दहा कार्बनच्या डेसीन या रेणूचे तीन-तीन तुकडे जोडून बनवतात, म्हणजे तेही बरेचसे तीस कार्बनचेच असते. कार्बन तेवढेच, आकार वेगळा: पीएओमध्ये मोजक्या पण लांब फांद्या, तर वायुजन्य ऑइलमध्ये एक लांब कणा आणि त्याला छोटे छोटे कोंब. यामुळे १०० अंशांना ४ सेंटिस्टोक्स स्निग्धतेच्या पीएओचा गोठणबिंदू उणे ६० अंशांच्याही खाली असतो, तर त्याच स्निग्धतेच्या वायुजन्य बेस ऑइलचा साधारण उणे ३० ते उणे ४० अंशांच्या दरम्यान. स्निग्धता निर्देशांकात मात्र वायुजन्य ऑइल पीएओच्या बरोबरीला येते, कधी किंचित पुढेही जाते: ४ सेंटिस्टोक्सला सुमारे १३०, आणि ८ सेंटिस्टोक्सला १४० च्या आसपास. एक गंमत इथे नमूद करावीशी वाटते. पीएओसाठी लागणारे डेसीन इथिलीनपासून बनते आणि जगातले बरेचसे इथिलीन नैसर्गिक वायूबरोबर येणाऱ्या इथेनपासून बनते. त्यामुळे ‘वायूपासून बनलेले’ हे बिरुद अनेक पीएओ ऑइलांनाही तितक्याच हक्काने लावता येईल. त्यांच्या डब्यांवर कोणी ते छापत नाही इतकेच.

सिंथेटिक म्हणावे का, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या ऑइलइतके संश्लेषित दुसरे क्वचितच सापडेल, कारण मूळ रेणू पूर्ण मोडून नवा बांधलेला असतो. वर्गीकरणाच्या दृष्टीने मात्र अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत ते गट ३ मध्ये बसते: संतृप्त घटक ९० टक्के किंवा अधिक, गंधक ०.०३ टक्क्यांपर्यंत आणि स्निग्धता निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक. कच्च्या तेलाचे हायड्रोक्रॅकिंग करून (हायड्रोजनच्या दाबाखाली मोठे रेणू तोडून) बनवलेले ऑइलही याच गटात असते. पीएओला स्वतंत्र गट ४ दिलेला आहे. व्यवसायातले लोक वायुजन्य ऑइलला अनौपचारिकपणे ‘गट ३ प्लस’ म्हणतात, पण असा अधिकृत गट नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात याच शब्दावरून वाद झाला. हायड्रोक्रॅक केलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणता येते, असा निर्णय तेथील जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंनियामक मंडळाने दिला आणि तेव्हापासून हा शब्द बाजारपेठेचा झाला, रसायनशास्त्राचा राहिला नाही. जर्मन बाजारात हायड्रोक्रॅक केलेल्या ऑइलांवर ‘एचसी-सिंथेसिस’ असे वेगळे लिहिण्याची पद्धत आहे, ती मला अधिक प्रामाणिक वाटते.

आता आपल्या इंजिनाला यातून काय मिळते ते पाहू. ५डब्ल्यू-३० ग्रेड म्हणजे दोन टोकांची अट असते: उणे ३० अंशांना इंजिन फिरवताना ऑइल ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट नको, आणि १०० अंशांना ते ९.३ सेंटिस्टोक्सपेक्षा पातळ नको. बेस ऑइलचा निर्देशांक कमी असेल, तर हा पल्ला गाठण्यासाठी स्निग्धता सुधारक पॉलिमर अधिक घालावे लागते. हे पॉलिमर लांबलचक रेणूंचे असते. बेअरिंग आणि टायमिंग चेनच्या दाबात ते हळूहळू तुटते आणि ऑइल पातळ होते. पिस्टनच्या कड्यांजवळ ते जळाले, तर त्याचा थर बसतो. वायुजन्य बेस ऑइल वापरल्यास हे पॉलिमर कमी लागते. दुसरा लाभ बाष्पीभवनाचा. नोआक चाचणीत ऑइल २५० अंशांना तासभर ठेवून वजनातली घट मोजतात. एसीईए सी३ मध्ये ही घट १३ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. ४ सेंटिस्टोक्सच्या साध्या गट ३ ऑइलमध्ये ती १४-१५ टक्क्यांपर्यंत असते, तर वायुजन्य ऑइलमध्ये साधारण ११ ते १३. त्यामुळे मर्यादा पाळण्यासाठी मिश्रणात जड ऑइल वाढवण्याची वेळ येत नाही, आणि थंडीतला पातळपणाही टिकतो. इंजिन ऑइल खाते ही तक्रार करणाऱ्यांना याचा थोडा उपयोग होतो, मात्र पिस्टनच्या कड्या झिजल्यामुळे किंवा व्हॉल्व्हची सील कडक झाल्यामुळे ऑइल जळत असेल तर कोणतेही बेस ऑइल त्यावर इलाज नाही.

हे सगळे वाचून आपल्याला वाटेल की इतका गुणी माल असेल तर मिश्रण ठरवणाऱ्याचे काम संपलेच. तसे नाही. एकदा आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या सहकाऱ्याने, आधी साध्या गट ३ बेस ऑइलवर व्यवस्थित चाललेले ॲडिटिव्ह जसेच्या तसे वायुजन्य बेस ऑइलमध्ये मिसळले. बाटली पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. ती रात्रभर थंड कपाटात ठेवली आणि सकाळी तळाशी दुधी धुके जमलेले दिसले: घर्षण कमी करणारा घटक विरघळलेल्या स्थितीतून बाहेर पडला होता. ज्या ॲरोमॅटिक घटकांना आपण अशुद्धी म्हणून हाकलून देतो, तेच ॲडिटिव्ह विरघळवून धरत असतात. थोड्या टक्क्यांत एस्टर (ॲडिटिव्ह विरघळवून धरणारा द्रव) घातल्यावर ते मिश्रण निवळले. रबरी सीलचीही अशीच कथा आहे: जुन्या पद्धतीच्या ऑइलमुळे सील किंचित फुगते, पूर्ण संतृप्त ऑइलमुळे ते आकसू शकते, आणि त्याची भरपाई मिश्रणातच करावी लागते. ऑक्सिडेशनबाबतही एक गैरसमज आहे. कच्च्या तेलातली काही गंधक संयुगे नैसर्गिकरीत्या ऑइलचे रक्षण करतात. वायुजन्य बेस ऑइलमध्ये ती नसल्यामुळे, ॲडिटिव्हशिवाय उघडे ठेवल्यास, ते अपेक्षेइतके टिकाऊ नसते. योग्य अँटिऑक्सिडंट घातल्यावर मात्र ते फारच चांगला प्रतिसाद देते. तयार ऑइलचा टिकाऊपणा या जोडीचा असतो, एकट्या बेस ऑइलचा नव्हे.

म्हणूनच ऑइल बदलण्याचे अंतर केवळ बेस ऑइलच्या जोरावर वाढवू नये, असे मी स्पष्ट सांगेन. ऑइल निकामी होते ते बहुधा त्यात बाहेरून येणाऱ्या गोष्टींमुळे: न जळलेले इंधन, काजळी, पाणी आणि ज्वलनातून येणारी आम्ले. ही आम्ले मारण्यासाठी डिटर्जंटमधून दिलेली क्षारता असते. एसीईए सी३ मध्ये तिची किमान मर्यादा दर ग्रॅम ऑइलमागे ६ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडइतकी आहे. ही शिल्लक संपली की बेस ऑइल वायूपासून बनलेले असो वा कच्च्या तेलापासून, आम्ले बेअरिंगच्या धातूला भिडतात. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात, विशेषतः छोट्या छोट्या फेऱ्यांत, पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत जाते आणि स्निग्धता उतरते. तिथे बेस ऑइलच्या उत्तम निर्देशांकाचे काही चालत नाही. अशा इंजिनांत कमी वेगावर अवेळी पेट घेण्याचा जो त्रास आढळला, त्याचा ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटशी संबंध दिसल्यामुळे काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आले. १ मे २०२० पासून लागू झालेल्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसपी मानकात या त्रासाची चाचणी आहे. हा सगळा बदल ॲडिटिव्हमधला होता. अंतर वाढवायचेच असेल, तर वापरलेल्या ऑइलचा नमुना तपासून घ्यावा आणि त्यातली स्निग्धता, क्षारता, इंधनाचे प्रमाण व झिजेच्या धातूंचे आकडे दोन-तीन बदलांपर्यंत सलग पाहून ठरवावे. वॉरंटीतल्या गाडीत तर पुस्तिकेतले अंतर ओलांडूच नये.

जुन्या इंजिनात हे ऑइल चालते. इतर इंजिन ऑइलमध्ये ते मिसळते, वरून भर घालण्यासही हरकत नाही. दर्जा मात्र मिश्रणातल्या कमकुवत ऑइलच्या दिशेने सरकतो. बऱ्याच वर्षांच्या इंजिनात नवे ऑइल घातल्यावर गळती दिसू लागली, तर बहुतेक वेळा सील आधीच तडकलेले असते आणि साचलेल्या गाळाने ते बुजलेले असते. नव्या ऑइलच्या डिटर्जंटने गाळ धुतला की दोष उघडा पडतो.

राहिला पीएओ की वायुजन्य हा प्रश्न. कडाक्याच्या थंडीत, उणे ३५ अंशांखाली गाडी सुरू करायची असेल, तर मी अजूनही पीएओचा मोठा वाटा असलेले ०डब्ल्यू ग्रेडचे ऑइल निवडेन. याव्यतिरिक्त, आपल्यासारख्या ५डब्ल्यू-३० च्या वापरात, दोहोंतला फरक इंजिनाला जाणवेल असे मला वाटत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला एसीईए सी३ आणि आपल्या वाहन उत्पादकाच्या मंजुरीचा क्रमांक छापलेला आहे का, हे आधी पाहा. ‘मंजूर’ आणि ‘गरजा पूर्ण करते’ या दोन शब्दप्रयोगांत फरक आहे: पहिल्यात उत्पादकाने चाचण्यांचे निकाल पाहून होकार दिलेला असतो, दुसऱ्यात ऑइल विकणारा स्वतःच्या जबाबदारीवर बोलत असतो. आणि डब्यात खरोखर वायुजन्य बेस ऑइल आहे का, एवढीच उत्सुकता असेल, तर त्या ऑइलचे सुरक्षा माहितीपत्रक मिळवून घटकांच्या तक्त्यात ८४८३०१-६९-९ हा रासायनिक नोंदणी क्रमांक शोधा. फिशर-ट्रॉप्श मार्गाने बनलेल्या जड अंशांचा तो क्रमांक आहे. त्याच्यापुढे टक्केवारीचा पट्टा फार रुंद दिलेला असेल, किंवा इतर बेस ऑइलांचे क्रमांकही ‘यांपैकी एक किंवा अधिक’ अशा शब्दांत दिलेले असतील, तर उत्पादक उपलब्धतेनुसार बेस ऑइल बदलत असतो, असे समजावे.